खाली बसवलेल्या घरगुती मिनी ट्रकची थरथर: शाफ्ट बॅलन्सिंगला पळण्याआधी

लक्षणं आधी सांगतो, कारण या दुखण्याची निम्मी ओळख तिथंच पटते.

गाडी ३०-३५ पर्यंत शांत. ४० च्या आसपास सीटखालून बारीक थरथर सुरू होते, गिअरचा दांडा झिणझिणतो, आरशातलं मागचं चित्र फिस्कटतं. ५५ च्या पुढं थरथर कधी विरते, कधी तिची जागा घुमणारा आवाज घेतो. रेस दिली की एक सूर, सोडली की दुसरा. उभ्या गाडीत पहिला टाकून क्लच सोडला की खालून 'टक्'. हौद्यात तीन-चार जण चढले की थरथर वाढते, नाहीतर एकदम निम्म्यावर येते. खाली वाकून पाहिलं तर क्रॉसच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारी फिरती नळी म्हणजे शाफ्ट, तिच्या टोकाचा चार टोप्यांचा सांधा) टोप्यांभोवती लालसर भुकटी दिसते.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढचं वाचा. स्टिअरिंगच तेवढं थरथरत असेल आणि बुडाखाली काही जाणवत नसेल, तर तुमचं दुखणं पुढच्या चाकांचं आहे, ते वेगळं.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात लेथ, वेल्डिंग, फाउंड्री सगळं हाताशी आहे, त्यामुळं चौकोनी पाइपची चेसिस करून, इंजिन-गिअरबॉक्स ओम्नीचा, हाउसिंग (मागच्या चाकांच्या मधला गिअर असलेला धुरा) छोटा हत्तीचं अशी जुळणी करून जमिनीला टेकलेला मिनी ट्रक उभा करणारी पोरं इथं आहेत. हा नाद मूळचा कॅलिफोर्नियाचा. तिथं डॅटसन, टोयोटा, माझदा असल्या जपानी छोट्या पिकअप खाली बसवायचे. तिकडं निदान मूळ गाडी कंपनीची असायची, म्हणजे गिअरबॉक्स आणि हाउसिंगचा मेळ कारखान्यातच बसलेला असायचा. आपल्याकडं सगळं शून्यापासून, त्यामुळं तो मेळ आपणच बसवायचा असतो. थरथर येते ती बहुतेक वेळा तिथूनच, आणि पोरं मात्र थेट शाफ्ट बॅलन्सिंगला (फिरत्या शाफ्टचं वजन मशिनवर सगळीकडं सारखं करायला) पळतात. खर्चाचं आणि लांबचं काम पहिलं, फुकटातली तपासणी शेवटी, असा उलटा कारभार चालतो.

रस्त्यावरची चाचणी, पण रस्त्यावर नाही

ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, पासिंगचं पुढं बोलतो. चाचणीसाठी बंदिस्त आवार लागतं. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याचं केन यार्ड रिकामं पडतं, ओळखीनं परवानगी मिळाली तर तेवढी लांबी पुरते. ४५ चा वेग गाठा आणि न्यूट्रल करा. इंजिन मंद झालं तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच सुटले. दोष शाफ्टमध्ये किंवा चाकात. न्यूट्रल करताच थरथर गेली, तर इंजिनाची रबरं बघा किंवा शाफ्ट आणि त्याला जोडलेल्या भागांमधल्या कोनाची शंका धरा, कारण जोर लागतो तेव्हा पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पिळतात आणि पिनियनचं नाक (हाउसिंगचं शाफ्टकडचं तोंड) वर उचललं जातं.

चाक की शाफ्ट हे कानानं आणि बुडानं ओळखता येतं. १४५ आर १२ टायरचा घेर जवळजवळ १.७ मीटर. ४० च्या वेगाला तो सेकंदाला साडेसहा फेरे मारतो. हाउसिंगचं गुणोत्तर ५ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाच) धरलं तर शाफ्ट त्याच वेळात ३३ फेरे मारतो. क्रॉसचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे सेकंदाला ६५ च्या वर. चाकाची असते ती थडथड, मोजता येईल अशी. शाफ्टची घूं असते, मोजायला गेलात तर दात शिवशिवतात.

फुकटातल्या तपासण्या

चाकापासून सुरुवात करा. चारही टायरमध्ये हवा सारखी आहे का, रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलाय का, नट ढिले आहेत का. खाली बसलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट असते: टायर हौद्याच्या आतल्या पत्र्याला घासून एका बाजूनं खाल्ला जातो आणि मग तोच थडथडतो. मागची चाकं पुढं, पुढची मागं करून बघा. थरथर जागा बदलून स्टिअरिंगमध्ये आली तर चाकाचं बॅलन्सिंग करून मोकळे व्हा.

आता गाडीखाली. जॅकवर तोललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली घोडे (पक्के स्टँड) लावायचे, उरलेल्या चाकांना ओट (ठोकळा) लावायचा. ज्याला हे ऐकायचं नाही त्यानं पुढचंही वाचू नये.

यू-बोल्ट (पाटे आणि हाउसिंग एकत्र आवळणारे बोल्ट) बघा. गाडी खाली बसवण्याची आपल्याकडची रीत म्हणजे हाउसिंग पलटी: पाटे हाउसिंगच्या वर असतात ते खाली घ्यायचे. यात हाउसिंगच्या नळीची जाडी, पाट्यांचा थर आणि पॅडची (हाउसिंगवरच्या पाट्यांच्या बैठकीची) उंची मिळून मागची बाजू एका झटक्यात पाचेक इंच खाली येते. या कामात जुने यू-बोल्ट परत वापरलेले असतील तर तेच पहिले संशयित. एकदा ताणून कसलेल्या यू-बोल्टचे आटे लांबलेले असतात, पाना कितीही ओढला तरी ते पकड धरत नाहीत. नवे घाला, ठरलेल्या ताणाला कसा, नट आणि पट्टीवर एक रंगाची रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला, हे लांबून दिसतं.

तिथंच असताना सेंटर बोल्ट (पाट्यांचा थर मधोमध बांधणारा) पाहा. पाटे वर होते तेव्हा सेंटर बोल्टचं गोल डोकं खाली तोंड करून हाउसिंगच्या पॅडमधल्या भोकात बसायचं. पलटी केल्यावर हाउसिंग पाट्यांच्या वर आलं, म्हणजे बोल्टही उलटा करून डोकं वर घ्यायला हवं. पुष्कळ गाड्यांत तो तसाच राहिलेला सापडतो: वर नट, भोकाला न जुळणारा, पॅडला एका कडेनं टेकलेला. वरून सगळं घट्ट दिसतं. पण हाउसिंग पाट्यावर सपाट बसलेलंच नसतं; ब्रेक मारला की जरा पुढं, रेस दिली की जरा मागं. मग कोन आज एक, उद्या दुसरा. 'कधी थरथरतं, कधी नाही' अशी तक्रार आली की माझा हात आधी तिथं जातो.

पुढं क्रॉस. दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. नुसता कट्कन आवाज आला किंवा नखाएवढी हालचाल दिसली तरी क्रॉस बदलायचा. टोप्यांभोवतीची लाल भुकटी म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. तिथं ग्रीस मारून उपयोग नाही. क्रॉस चांगला असेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. एकातून आलं, तीन कोरड्या, याचा अर्थ वाट तुंबलीय. लॉक नीट खाचेत बसलेत का तेही तिथंच बघा. क्रॉसची किंमत बॅलन्सिंगच्या मानानं किरकोळ आहे, शंका असेल तर बदला.

मग योकची जुळणी. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका ओळीत हवेत. सरकता तुकडा (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी भाग) ग्रीससाठी बाहेर काढला आणि बसवताना एक दात चुकला की ओळ मोडते. पुढचा क्रॉस शाफ्टचा वेग वर-खाली करतो, तो मागच्या क्रॉसनं त्याच क्षणी उलट बाजूनं भरून काढायचा असतो. ओळ मोडली की दोघं एकमेकांविरुद्ध खेचू लागतात. शाफ्टवर बाणाच्या खुणा असतील तर त्या जुळवा. मधल्या बेअरिंगचा दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर कंपनीच्या खुणेबाहेर जाऊ नका, काहींत मुद्दाम वेगळी मांडणी असते. खूणच नसेल तर सपाट जागेवर ठेवून नजरेनं ओळ बघा आणि खोलण्याआधी स्वतः सेंटर पंचनं खूण मारा. ही तपासणी अर्ध्या तासाची आणि बिनपैशाची आहे, आणि घरी जुळवलेल्या गाड्यांमध्ये दोष इथंच निघाल्याचं मी वारंवार पाहिलंय.

सरकत्या तुकड्याला जागा उरलीय का हेही लगेच बघून घ्या. मागचं हाउसिंग वर आलं की तिरका शाफ्ट आडवा होतो आणि गिअरबॉक्सपासूनचं अंतर थोडं घटतं. गाडी चाकांवर उभी असताना योक पूर्ण आत ठोकेपर्यंत निदान इंचभर मोकळीक हवी. ती नसेल तर खड्ड्यात शाफ्ट थेट गिअरबॉक्सच्या शेपटाला ठोसा देतो. मग तेलगळती लागते, बेअरिंग जातं, आणि थरथर ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण ठरते.

कोन: खरं दुखणं इथं आहे

तासगावकडचा एक मुलगा त्याचा ट्रक टेम्पोत घालून घेऊन आला होता. "मामा, शाफ्ट परत बॅलन्स करून आणलाय, तरी थरथरतंयच की."
"कोन किती आहे?"
"एका रेषेत आणलंय सगळं. दोरी धरून."
"आणि पॅड वेल्ड करताना गाडी कशावर होती?"
"घोड्यावर."

त्या दोन उत्तरांत त्याचा सगळा आजार होता.

पहिलं: सगळं एका रेषेत आणणं हे दिसायला छान, पण क्रॉसला मारक. कोन शून्य असला की टोपीतल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी दाब खात बसतात आणि क्रॉसवर बारीक खड्डे पाडतात. असा क्रॉस बाहेर काढून हातानं फिरवला तर मधोमध अडकल्यासारखा होतो. निदान एक अंश कोन हवाच. आणि वरची हद्द तीनेक अंश. त्यापुढं वेगात थरथर येणार. कोन दुप्पट झाला तर झटका जवळजवळ चौपट होतो, म्हणून दोनाचे चार अंश झाले तर 'दोनच तर वाढलेत' असं म्हणून भागत नाही.

दुसरं: घोड्यावरच्या गाडीचं हाउसिंग खाली लोंबत असतं, त्या अवस्थेतल्या कोनाचा चालत्या गाडीशी संबंध नाही. मोजमाप गाडी चाकांवर, सपाट फरशीवर, टाकीत तेल, ड्रायव्हरच्या जागी माणूस किंवा तेवढं वजन ठेवून करायचं. मोबाइलवरचं कोन मोजायचं अ‍ॅप चालतं. डिजिटल अँगल मीटर त्याहून बरं. चार नोंदी घ्या: फरशी, गिअरबॉक्सच्या शेवटच्या योकचा सपाट भाग, शाफ्टची नळी, पिनियनचा योक. फरशीला उतार असेल तर तो सगळ्यांतून वजा करा.

हिशोब उदाहरणानं सांगतो. गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश उतरता. शाफ्ट मागं १ अंश उतरता. पुढच्या क्रॉसचा कोन झाला २. आता पिनियनचं नाक जेवढे अंश वर, तेवढी त्याची रेषा मागं उतरती. ते ६.५ अंश निघालं, तर मागच्या क्रॉसचा कोन साडेपाच. पुढं दोन, मागं साडेपाच. एक क्रॉस जो झटका तयार करतो तो दुसऱ्याला पुसता येत नाही, उलट तो स्वतःच्या मोठ्या झटक्याची भर घालतो. पिनियन ३ अंशावर असतं तर दोन्हीकडं दोन-दोन, म्हणजे गिअरबॉक्स आणि पिनियन समांतर. पाट्यांच्या गाडीत मी ते तीनऐवजी अडीचवर ठेवतो, कारण रेस दिली की पाटे पिळून नाक वर येतं आणि चालताना तीनाच्या जवळ पोहोचतं.

म्हणजे ६.५ चं २.५ करायचं, चार अंश खाली. त्यासाठी पाटा आणि पॅडच्या मध्ये पाचर घालतात. पाचर स्टीलची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दाबात चिरते आणि मग यू-बोल्ट आपोआप ढिला. आता इथं पलटी केलेल्या गाड्यांचा घोळ: पाटे वर असलेल्या गाडीत नाक वर करायला पाचरीची जाड बाजू मागं ठेवतात. पाटे खाली गेल्यावर सगळं उलटं होतं. नाक वर करायला जाड बाजू पुढं, नाक खाली घ्यायला जाड बाजू मागं. मूळ गाडीचा व्हिडिओ बघून पाचर घातली तर सहा अंशांचे दहा होतात आणि पोरगं म्हणतं, पाचरीनं काही फरक पडत नाही, उलट बिघडलं.

चार अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पाचरी चढवत बसू नका, पॅड कापून पुन्हा लावा. आधी नुसते टॅक (तात्पुरते टाके) मारा, गाडी चाकांवर उतरवा, पूर्ण वजन द्या, कोन मोजा, मग पक्कं वेल्डिंग. तेही इंच-दोन इंचाचे छोटे टाके, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, मध्ये गार होऊ देत. एका दमात ओढलं तर हाउसिंगची नळी वाकते आणि अ‍ॅक्सलचं सील रडायला लागतं. बॅटरीची तार आधी काढायची, हे सांगायला नकोच.

कणकेचा गोळा

कोन बरोबर आणि तरी खड्ड्यात धाड्कन आवाज, त्यानंतर काही अंतर थरथर? मग हाउसिंग किंवा शाफ्ट चेसिसला टेकतोय. हाउसिंगच्या बरोबर वर चेसिसला आणि शाफ्टच्या वरून जाणाऱ्या चेसिसच्या आडव्या पट्टीला कणकेचे गोळे चिकटवा, प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. गाडी स्पीडब्रेकरवरून सावकाश न्या. गोळा पापडासारखा झाला असेल तर तिथं जागा नाही. चेसिसला कमानीसारखी खाच द्यावी लागते, आणि त्या खाचेला आतून-बाहेरून प्लेट लावून मजबुती. जुने लांब शॉकअपही इथं त्रास देतात. गाडी खाली आली की ते पूर्ण मिटून तळाला लागतात. आखूड घाला.

बॅलन्सिंग आणि शाफ्टचं सरळपण

इथपर्यंत सगळं पार पडलं तर मगच शाफ्ट काढा. नळीवर कुठं पोचा आहे का, वेल्ड करून लावलेला छोटा पत्र्याचा तुकडा निखळल्याची खूण आहे का बघा. तो तुकडा बॅलन्सचं वजन असतो. लेथवर धरून डायल (हेलकावा मोजायचं घड्याळ) लावा, मधोमध अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा असेल तर तो शाफ्ट बाजूला ठेवा. लांबी कमी केलेला शाफ्ट घरच्या वेल्डिंगवर चालवू नका, कितीही हात चांगला असला तरी. तो लेथवर सरळ करून, योक ओळीत आणून, मशिनवर बॅलन्स झालेलाच हवा. तो शाफ्ट सेकंदाला तीस-चाळीस फेरे मारत तुमच्या सीटखाली फिरणार आहे.

इथं थांबा, माणूस बोलवा

चेसिसच्या खाचेजवळ रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंज झिरपताना दिसला, तर गाडी हलवायची नाही. वरून वेल्डिंगचा थर चढवणं हा उपाय नाही. चीर कुठवर गेलीय ते पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंगीत द्रव) मारून बघणारा आणि चेसिसचं काम करणारा फॅब्रिकेटर हवा.

पिनियन योक वर-खाली हलतो, नाकातून तेल येतं, रेस सोडताना हाउसिंगमधून रडका आवाज येतो: बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच द्यायचा दाब) आणि गिअरची बैठक हे हत्यारांशिवाय होणारं काम नाही. हाउसिंग खोलणारा जाणता मिस्त्री गाठा.

ब्रेक. हाउसिंग पलटी झाली की मागचा ब्रेक होज, हँडब्रेकची केबल आणि वजनानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी, सगळ्यांच्या जागा बदलतात. थरथर शोधताना होज ताणलेला किंवा टायरला घासलेला दिसला, तर थरथर राहू द्या बाजूला, ब्रेकवाल्याला आधी बोलवा.

आणि पासिंग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाबद्दल मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शून्यापासून बनवलेल्या गाडीला तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइपची मान्यता लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची किकवर सुरू होणारी छोटी गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक करतानाच, ही नियमात बसत नाही म्हणून आज ना उद्या थांबवली जाईल असंही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. ट्रक प्रदर्शनासाठी, खाजगी आवारासाठी ठेवा. न्यायचा असेल तर टेम्पोत चढवून न्या. एमएच-१० ची नंबरप्लेट दुसऱ्या गाडीची काढून याला लावायचा विचार कुणी सुचवला तर त्याला दुकानातून बाहेर काढा.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसा आणि कोन परत मोजा. नवे पाटे असतील तर ते अर्धा-पाऊण इंच बसतात, आणि अडीच अंशांचे किती झाले ते तेव्हाच कळतं.